दारिद्र्याची आठवण आणि दारिद्र्याचे कौतुक

गरिबीचे गोडवे गाणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतो. ज्याच्या घरी रात्री चूल पेटली नाही, त्याला भुकेत काव्य दिसत नाही. 'साधी माणसे, साधे जगणे, थोडक्यात समाधान' ही भाषा पोट भरलेल्यांची असते आणि उपाशी माणसाला गप्प बसवण्यासाठी ती फार उपयोगी पडते. पण मग ज्याने उपास स्वतः भोगला, त्याने आपल्या बालपणाबद्दल बोलायचेच नाही का? आपली आई, आपला बाप, आपले गळके छप्पर यांच्यावर प्रेम करायचे नाही का? करायचे, तर कोणत्या शब्दांत?

लिहिणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यासमोर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. त्याचे एक सरळ उत्तर आम्हाला अमेरिकेतल्या एका जुन्या अल्बममध्ये सापडले. अल्बमचे नाव 'माय टेनेसी माउंटन होम', म्हणजे टेनेसीच्या डोंगरातले माझे घर. गायिका डॉली पार्टन. आरसीए व्हिक्टर कंपनीने तो एप्रिल १९७३ मध्ये बाजारात आणला. त्यात अकरा गाणी आहेत आणि अकराही तिनेच लिहिलेली आहेत.

काही मित्र लगेच विचारतील, 'गोऱ्या लोकांचे गावरान संगीत आपण कशाला ऐकायचे?' प्रश्न रास्त आहे. कंट्री संगीत म्हटले की मोठी टोपी घातलेला गोरा माणूस, चर्च आणि उजवे राजकारण हेच चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र हवेतून आलेले नाही, त्यावर पुढे बोलूच. पण एखादी गोष्ट कोणाची आहे एवढेच पाहून ती बाजूला सारणे हा अभ्यास नव्हे. ती काय सांगते आणि काय लपवते, हे दोन्ही तपासले पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : हा अल्बम घरच्या आठवणींचा गोड अल्बम म्हणून विकला गेला आणि आजही तसाच ऐकला जातो. प्रत्यक्षात त्याच्या मधोमध एक गाणे आहे, जे हा गोडवा मोडून टाकते. ते गाणे वगळून अल्बम ऐकणारा माणूस डॉलीवर अन्याय करतोच, गरिबांवरही करतो.

घर कोणते, माणसे कोणती

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा. टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला ग्रेट स्मोकी नावाचे डोंगर आहेत. तिथल्या सेव्हीर काउंटीत, लिटल पिजन नदीच्या काठी, एका खोलीच्या लाकडी घरात ती जन्मली. बारा भावंडांत चौथी. बाप रॉबर्ट ली पार्टन आधी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचा. पुढे स्वतःचा लहानसा तुकडा झाला, त्यात तंबाखू पिकवायचा आणि जोडीला मिळेल ती मजुरी करायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आई एव्ही ली बारा लेकरांची उस्तवार करता करता जुनी गाणी म्हणायची. आईचे वडील पेंटेकॉस्टल पंथाचे धर्मोपदेशक होते, त्यामुळे गाणे शिकण्याची पहिली जागा चर्च ठरली.

डॉलीच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरची फी पोतंभर मक्याच्या पिठाच्या रूपात दिली गेली, असे ती स्वतः सांगत आली आहे. ही गोष्ट ती हसून सांगते. ऐकणारेही हसतात. पण घरात रोकड नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

१९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती बसने नॅशव्हिलला निघून गेली. नऊ वर्षांनी आलेल्या या अल्बमचे पहिलेच 'गाणे' म्हणजे तिने शहरात पोचल्यावर आईवडिलांना लिहिलेले पत्र आहे. ती ते गात नाही, वाचून दाखवते. घराची आठवण येते, काळजी करू नका, मी काहीतरी करून दाखवीन, असा सूर. गाव सोडून शिकायला किंवा कामाला शहरात गेलेल्या कोणत्याही पोरीचे पहिले पत्र असेच असते.

त्यानंतर ती एकेक वस्तू आणि एकेक माणूस समोर ठेवते. आईच्या चुलीवरचे काळे लोखंडी भांडे. बापाचे कामावरचे झिजलेले बूट. इथे थांबून पाहा. कंट्री संगीतात बापावर हजारो गाणी आहेत, त्यांतला बाप बहुधा उपदेश करतो. डॉलीचा बाप काही बोलत नाही. त्याच्या पायातले बूट बोलतात. एवढ्या लेकरांसाठी हे बूट किती चालले, त्याचा हिशेब ती मांडते. श्रमाचा गौरव करा, असे भाषण तिला करावे लागत नाही. राबणाऱ्या माणसाच्या अंगावरची वस्तू तिने पाहिली आणि तिचे नाव घेतले, एवढे पुरेसे झाले.

पाचवे, सहावे आणि सातवे गाणे

खरा मुद्दा आता येतो. अल्बममधले पाचवे गाणे डॉ. रॉबर्ट एफ. थॉमस यांच्यावर आहे. हेच ते डॉक्टर, ज्यांना पीठ मिळाले होते. मेथडिस्ट मिशनचे डॉक्टर म्हणून ते १९२६ पासून या डोंगरात काम करत होते. पायी, घोड्यावर, पुढे जीपने वाड्यावस्त्यांवर जायचे. डॉली मनापासून त्यांचे ऋण मानते. गाणे आनंदी आहे.

आणि त्याच्या पाठोपाठ सहावे गाणे येते : 'इन द गुड ओल्ड डेज (व्हेन टाइम्स वेअर बॅड)'. 'वाईट काळातले ते चांगले जुने दिवस' असे त्याचे नाव. नावातच टोमणा आहे. हे गाणे आधी १९६८ मध्ये येऊन गेले होते, ते तिने या अल्बममध्ये मुद्दाम पुन्हा घेतले. त्यात काय आहे? सूर्य उगवायच्या आत उठून अंधार पडेपर्यंत शेतात राबणे आहे. गारपिटीने झोडपलेले पीक आणि ते पाहत रडत उभे राहिलेले घर आहे. फुटून रक्त आलेले बापाचे हात आहेत. उपाशीपोटी झोपलेल्या रात्री आहेत. भिंतीच्या फटींतून आत आलेला बर्फ आहे. आणि आजारी पडलेली आई आहे, जिच्यासाठी डॉक्टर आणणे परवडणारे नव्हते.

पाचव्या गाण्यात देवमाणूस डॉक्टर आणि सहाव्या गाण्यात डॉक्टरविना कण्हणारी आई! ही दोन गाणी शेजारी ठेवल्यावर जे दिसते, ते आम्ही कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. एक चांगला माणूस म्हणजे व्यवस्था नव्हे. थॉमस कितीही भले असले तरी एका डॉक्टरच्या भलेपणावर अख्ख्या डोंगराचे आरोग्य चालत नाही. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजनांचा कायदा अमेरिकेत झाला तो १९६५ साली, म्हणजे डॉलीने डोंगर सोडल्यानंतर एक वर्षाने. तिच्या आईच्या आजारपणात त्यातले काहीच नव्हते. उपकार आणि हक्क यांतला फरक समजावण्यासाठी आम्ही शिबिरांत तास न् तास घालवतो. इथे तो दोन गाण्यांत समजतो.

सहाव्या गाण्याचा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा आहे. डॉली त्या आठवणी टाकून देत नाही, त्या तिला मोलाच्या आहेत. पण कोणी कितीही काही देऊ केले तरी ते दिवस पुन्हा जगायला ती तयार नाही. आठवण माझी, पण ते जगणे पुन्हा नको. गोडव्याच्या मधोमध उभी असलेली ही स्पष्ट भूमिका आहे.

मग सातवे गाणे, ज्याच्यावरून अल्बमला नाव मिळाले. उन्हाळ्याची दुपार, घराची ओसरी, भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची, काजवे, रातकिडे, रविवारचे चर्च. हे गाणे आधी ऐकले तर वाटते, वा, काय सुंदर बालपण! सहावे ऐकून मग ऐकले तर कळते की ही दुपार कामातून चोरलेली दुपार आहे. त्याच घराच्या भिंतीतून थंडीत बर्फ आत येतो, हे ठाऊक असूनही तिने ओसरीवरचा वारा गायला. दोन्ही खरे आहे. लोकांनी मात्र सातवे गाणे उचलले आणि सहावे विसरले.

माणसांवर प्रेम, व्यवस्थेला नकार

सहावे गाणे ऐकताना आम्हाला बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आठवल्याशिवाय राहिले नाही. खेड्याला भारतीय जीवनाचा आदर्श मानणाऱ्यांचा त्या दिवशी बाबासाहेबांनी रोखठोक समाचार घेतला. संविधानाचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यावर बरेच सदस्य नाराज झाले. कारण खेड्याचे गोडवे गाणे हा तेव्हा देशभक्तीचा भाग मानला जात होता, जसा आजही मानला जातो.

बाबासाहेबांचा तो नकार गावातल्या माणसांना नव्हता. गाव नावाच्या व्यवस्थेला होता. हा फरक न कळल्यामुळे दोन चुका होतात. काहीजण गावाचा राग करता करता गावात राबून गेलेल्या आजी-आजोबांची आठवणही लाजेने पुसून टाकतात. काहीजण आजी-आजोबांच्या प्रेमापोटी गावच्या पाटलाचेही गुण गाऊ लागतात. डॉलीचे सहावे आणि सातवे गाणे या दोन्ही चुका टाळते. बापाच्या बुटांवर प्रेम, बापाचे हात फोडणाऱ्या कष्टांना नकार.

मात्र एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, नाहीतर तुलना घसरेल. पार्टन कुटुंब गरीब होते, पण त्यांच्या पाणवठ्यावर बंदी नव्हती. त्यांचे दारिद्र्य भयंकर होते, तरी ते जन्माने कपाळावर गोंदलेले नव्हते. गरिबीतून बाहेर पडणाऱ्या गोऱ्या मुलीसाठी दरवाजा जड होता, पण तिच्या तोंडावर बंद केलेला नव्हता. गरिबी आणि जात, गरिबी आणि वर्ण या एकच गोष्टी नाहीत. हे विसरून 'गरीब सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही आणि तिकडेही नाही.

आपली गोष्ट कोणी सांगायची?

डॉली नॅशव्हिलला गेली त्याच १९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'दारिद्र्याविरुद्ध युद्ध' पुकारले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते शेजारच्या केंटकी राज्यातल्या डोंगरात गेले आणि एका बेकार माणसाच्या घराच्या ओसरीवर बसले. तो फोटो देशभर गाजला. त्यानंतर कॅमेरे घेतलेल्या माणसांची रीघ त्या डोंगरांत लागली. योजनांमधून शाळा, रस्ते, दवाखाने आले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण डोंगरातला माणूस देशाला दिसला तो कसा? मळके कपडे, अनवाणी पोरे, ओसरीवर बसलेली हताश म्हातारी. बघणाऱ्याला दया वाटावी एवढीच त्याची भूमिका.

दुसऱ्या बाजूला होती टिंगल. 'हिलबिली' हा डोंगरातल्या गरीब गोऱ्यांना दिलेला हिणवणारा शब्द. १९६२ पासून 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही विनोदी मालिका घराघरांत पाहिली जात होती, त्यात डोंगरातला माणूस म्हणजे बावळट. १९७२ मध्ये 'डिलिव्हरन्स' हा गाजलेला चित्रपट आला, त्यात डोंगरातला माणूस म्हणजे हिंस्र पशू. दया, टिंगल आणि भीती. बाहेरच्यांनी सांगितलेल्या गोष्टीत शोषिताच्या वाट्याला बहुधा या तीनच भूमिका येतात.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याच डोंगरातली सत्तावीस वर्षांची बाई स्वतःच्या घराचा फोटो अल्बमच्या मुखपृष्ठावर छापते. स्वतः सजूनधजून उभी राहत नाही. फक्त ते घर दाखवते, जिथे तिचे लहानपण गेले. तीच ओसरी, जिच्यावर राष्ट्राध्यक्ष बसला की बातमी होते. पण आता कॅमेरा कोणाकडे रोखायचा हे घरातली पोर ठरवते आहे. त्या काळात याचे मोल फार मोठे होते.

याआधी १९७१ मध्ये 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गाणे तिने दिले होते. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून मुलगी हौसेने शाळेत जाते आणि वर्गातली पोरे तिला हसतात. ही तिच्या आयुष्यातली घटना. चिंध्यांची लाज वाटायला तिला शाळेने शिकवले आणि त्या लाजेतून ती गाण्याने बाहेर पडली. लाज ज्याला वाटायला हवी, त्याच्याकडे ती परत पाठवणे हेही मुक्तीचे काम आहे.

मालकीचा मुद्दा तर आमच्या कलावंत मित्रांनी वहीत लिहून ठेवावा. डॉलीने मामा बिल ओवेन्स यांच्यासोबत साठच्या दशकातच स्वतःची गीत-प्रकाशन कंपनी काढली होती. हा अल्बम आला तेव्हा ती टीव्हीवर पोर्टर वॅगनर या बड्या गायकाच्या कार्यक्रमात काम करत होती आणि तिच्या निर्णयांवर त्याचा मोठा पगडा होता. १९७४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली. निरोप म्हणून लिहिलेले 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणे एल्विस प्रेस्लीला गायचे होते. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की गाण्याच्या प्रकाशन हक्कांतला अर्धा वाटा आम्हाला द्या. एल्विस म्हणजे तेव्हाचा सर्वांत मोठा तारा. तरी तिने नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन या कृष्णवर्णीय गायिकेने ते गायले आणि जगभर पोचवले, तेव्हा हक्क डॉलीकडेच होते. गोष्ट आपली असेल तर तिचा कागदही आपल्या नावावर हवा.

या घरात कोण नाही?

आता दुसरी बाजू. ती न मांडता अल्बमचे कौतुक करणे आमच्याकडून होणार नाही.

डॉलीचे घर ज्या सेव्हीर काउंटीत आहे, ती काउंटी जॉन सेव्हीर याच्या नावाने ओळखली जाते. टेनेसीचा हा पहिला गव्हर्नर. त्याआधी चेरोकी आदिवासींच्या गावांवर स्वाऱ्या करून त्याने नाव कमावले होते. हे डोंगर चेरोकींचे होते. १८३० चा हकालपट्टीचा कायदा आणि १८३८ ची ती सक्तीची पायपीट, जिच्यात हजारो चेरोकी वाटेतच मेले, हा या 'डोंगरातल्या घरा'चा पाया आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, नॉर्थ कॅरोलिनात, चेरोकींचा एक गट आजही टिकून आहे. अल्बममध्ये त्यांची सावलीसुद्धा नाही.

आणि कृष्णवर्णीय? ज्या संगीतात डॉली आपले घर गाते, त्यातला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातांतून आला. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी एकमेकांत मिसळलेल्या या संगीताची दुकानात फाळणी केली. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना 'रेस' आणि गोऱ्यांच्या तबकड्यांना 'हिलबिली' असे शिक्के मारले. गाणी तीच, वाद्ये तीच, माल विकण्यासाठी रंगाची भिंत उभी केली. टेनेसीच्या सीमेवर ब्रिस्टल येथे १९२७ मध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणांना कंट्री संगीताचा जन्म म्हणतात. त्यातून पुढे आलेल्या कार्टर कुटुंबासाठी डोंगरात फिरून गाणी गोळा करताना ए. पी. कार्टर यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. शब्द कार्टर टिपून घ्यायचे, चाली रिडल डोक्यात साठवून आणायचा. नाव मात्र कार्टर कुटुंबाचे झाले.

नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रतिष्ठेच्या मंचावर डॉली तेरा वर्षांची असतानाच गायली. त्याच मंचाचा सुरुवातीचा एक मोठा तारा होता डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांसोबत त्याला राहू-जेवू दिले जात नसे. १९४१ मध्ये त्याला ऑप्रीतून काढून टाकले गेले. 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागायला २००५ साल उजाडले, तेव्हा तो जिवंत नव्हता.

डॉलीच्याच आरसीए कंपनीत चार्ली प्राइड होता, मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतमजुराचा मुलगा. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कंपनीने रेडिओ केंद्रांना फोटो न जोडता पाठवल्या, म्हणजे आवाज आधी आवडावा आणि रंग नंतर कळावा. १९७१ मध्ये तो कंट्री संगीतातला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरला, पण तो एकटाच राहिला. आणि लिंडा मार्टेल. १९६९ मध्ये ऑप्रीत एकटीने गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७० मध्ये तिचा 'कलर मी कंट्री' हा अल्बम आला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव होते 'प्लँटेशन', म्हणजे गुलामांना राबवणारा मळा! तिचा तो एकच अल्बम. पुढे दरवाजे बंद झाले. डॉलीला आपल्या घरावर अकरा गाणी गाता आली. मार्टेलला आपल्या घराबद्दल गाण्याची संधीच मिळाली नाही.

डोंगरात कृष्णवर्णीय नव्हतेच, असा एक समज आहे. तो इतका घट्ट होता की केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांना १९९१ मध्ये 'ॲफ्रिलाचिया' असा नवा शब्द घडवावा लागला. आफ्रिका आणि ॲपलाचिया, म्हणजे ती सगळी पर्वतरांग, यांचा मिळून. त्याच टेनेसीच्या डोंगरात १९३२ पासून 'हायलँडर' ही कार्यकर्ते घडवणारी शाळा चालत आली. गोरे आणि कृष्णवर्णीय एका टेबलावर जेवायचे, एकत्र शिकायचे. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथे शिबिराला गेल्या होत्या. त्याच डिसेंबरात त्यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. १९६१ मध्ये राज्य सरकारने शाळेला टाळे लावले. ती नव्या नावाने पुन्हा उभी राहिली आणि आज सेव्हीर काउंटीला लागून असलेल्या जेफरसन काउंटीत आहे. डॉलीच्या घराचा डोंगर आणि हायलँडरचा डोंगर एकमेकांचे शेजारी आहेत. एक जगाला माहीत आहे, दुसरा फक्त चळवळीला.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल विचारणा केली होती. त्या नात्याने हा इतिहास आपल्याला परका नाही. म्हणून कंट्री संगीत ऐकताना 'यात कोण नाही?' हे विचारणे आपले कामच आहे.

यात डॉलीचा दोष किती? एका बाईने आपल्या घरावर अल्बम केला, त्यात साऱ्या डोंगराचा इतिहास यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. दोष त्या बाजाराचा आहे, ज्याने एका गोऱ्या घराला 'अमेरिकेचे घर' करून टाकले. चांगली गोष्ट अशी की ही भिंत आता पडू लागली आहे. बियॉन्सेच्या २०२४ च्या 'काउबॉय कार्टर' अल्बममध्ये डॉलीचा आवाज आहे आणि त्याच अल्बममध्ये लिंडा मार्टेल यांचाही आवाज आहे. चोपन्न वर्षांनी का होईना, दोघी एका घरात आल्या.

प्रतिकृती आणि पुस्तके

१९८६ पासून डॉलीच्या गावाजवळ 'डॉलीवुड' नावाचे मोठे करमणूक उद्यान आहे. तिथे त्या लाकडी घराची हुबेहूब प्रतिकृती उभी केली आहे. पर्यटक रांगेत आत डोकावतात, फोटो काढतात आणि पुढे पाळण्यात बसायला जातात. सहाव्या गाण्यातला बर्फ त्या भिंतींतून आत येत नाही. दारिद्र्य एकदा संग्रहालयात ठेवले की ते संपले असे वाटू लागते. हे उद्यान डॉलीचेच आहे, म्हणून हा प्रश्न तिलाही विचारला पाहिजे. तिथूनच जवळ तिचा जेवण आणि खेळ यांचा एक कार्यक्रम चालायचा. त्याच्या नावात गुलामीच्या काळातल्या दक्षिणेची आठवण जागवणारा 'डिक्सी' हा शब्द होता. टीका झाल्यावर २०१८ मध्ये तो काढला गेला. टीका केली म्हणून बदल झाला, हे लक्षात ठेवा.

पण दुसरीही एक गोष्ट तिथूनच सुरू झाली. निरक्षर बापाची आठवण म्हणून तिने १९९५ मध्ये सेव्हीर काउंटीतल्या लहान मुलांना दरमहा एक पुस्तक घरपोच द्यायला सुरुवात केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंत, फुकट. आज ही योजना अनेक देशांत आहे आणि २० कोटींहून अधिक पुस्तके वाटून झाली आहेत. बापाच्या बुटांवर गाणे लिहिणारी पोर बापाला न मिळालेली अक्षरे दुसऱ्यांच्या लेकरांना देते, याला आम्ही सलाम करतो. पण २००४ मध्ये टेनेसी सरकारने खर्चाचा भार उचलला, तेव्हाच ती योजना राज्यभर पसरली, हेही सांगतो. डॉ. थॉमस यांच्या बाबतीत म्हटले तेच इथेही. दान सुरुवात करू शकते. टिकवायला सरकारी तिजोरी आणि कायदाच लागतो.

आपण काय घ्यायचे

आज आपली मुले रॅप करतात, यूट्यूबवर गाणी टाकतात, आत्मकथन लिहितात. वस्ती, आई, बाप, शाळेतला अपमान हे विषय त्यांच्या लेखणीत येतातच. त्यांना दोन दबाव जाणवतात. बाजार म्हणतो, वस्ती रंगीत करून दाखवा, लोकांना आवडते. सभागृह म्हणते, रडून दाखवा, लोक टाळ्या वाजवतात. दोन्हींना नकार देता येतो.

आईच्या भांड्यावर गाणे लिहा. बापाच्या चपलेवर लिहा. वस्तूचे नाव घ्या, माणसाचे नाव घ्या, कामाचे तास मोजा. पण तुमच्या संग्रहात ते सहावे गाणे असू द्या, जे स्पष्ट सांगते की हे आम्ही भोगले आणि हे पुन्हा कोणाच्या वाट्याला येता कामा नये. ते नसेल तर तुमचे सातवे गाणे उद्या कोणीतरी लग्नाच्या व्हिडिओत वापरेल. आणि लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, माझ्या घराच्या या गोष्टीत कोण राहून गेले? घरात राबणारी बहीण आली का? आपल्यापेक्षाही खालच्या पायरीवर ढकललेला शेजारी आला का?

दारिद्र्याची आठवण ठेवणे हा आपला हक्क आहे. दारिद्र्याचे कौतुक करणे हा आपल्या माणसांशी द्रोह आहे. या दोहोंच्या मधली रेघ टेनेसीच्या डोंगरातल्या एका गरीब घरच्या पोरीने १९७३ मध्ये गाऊन दाखवली. अकरा गाणी क्रमाने ऐका. सहावे दोनदा ऐका. आणि लगेच लिंडा मार्टेल यांचा अल्बमही ऐका, त्याशिवाय ऐकणे पुरे होत नाही.

जयभीम!